दिघोरीचा मुका सिंथेसायझर

१

दसऱ्याच्या सकाळी दिघोरीच्या चंडिका नाट्यमंडळीच्या खोलीत माणसं पूजेतली वाद्यं उचलायला गेली, तेव्हा नवाकोरा जपानी सिंथेसायझर भिजून पडला होता. पूजेचा कलश त्याच्यावर कलंडला होता, आंब्याची पानं पट्ट्यांना चिकटली होती आणि कडेनं पाणी खाली टपकत होतं. मंडळीचे अध्यक्ष खुशालराव यांचा मुलगा भैय्यालाल यानं तो धोतराच्या फडक्यानं पुसला, वायर लावली, बटण दाबलं. काहीच वाजलं नाही.

रात्रभर त्या खोलीत एकच माणूस होता, मंडळीचे पेटीमास्तर जागेश्वर. खंडेनवमीला वाद्यं पूजेत मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही, वाजवणं तर दूरच. आणि मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या माणसानं रात्रभर दिव्यापाशी बसायचं. ही त्यांची जुनी रीत. मग काय, गावानं दुपारच्या आत निकाल लावून टाकला. नवं यंत्र आलं की पेटीला कोण विचारतो? म्हातारा जळला आणि त्यानं कलश ओतला.

पोलिसात कुणी गेलं नाही. घरचं प्रकरण घरातच मिटवलं म्हणे. मिटवलं म्हणजे म्हाताऱ्याला सांगितलं, की यंदा मंडईच्या नाटकाला येऊ नका. ज्यांना दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेचं महत्त्व ठाऊक नाही त्यांना हे किरकोळ वाटेल. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे नाटक, आणि नाटकापुढे पेटी घेऊन बसलेला माणूस सगळ्या पंचक्रोशीनं पाहिलेला असतो. ती जागा रिकामी दिसली की लोक विचारणार, आणि कारण ऐकून थुंकणार.

मी मारोतराव, निवृत्त फौजदार, मुक्काम लाखनी. १९८५ साल होतं. नोकरीची शेवटची वर्षं मी लाखांदुराकडे काढली होती, म्हणून त्या भागातली माणसं अजून मला साहेब म्हणत आणि आपली दुखणी घेऊन दारात येत. निवृत्त माणसाला काही काम नसतं असा लोकांचा समज आहे. तो खरा आहे, म्हणूनच मला त्याचा राग येतो.

जागेश्वर मास्तरांच्या बायको गोदावरीबाई एसटी बदलत आल्या आणि ओसरीवर बसल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"साहेब, माह्या माणसानं ते पाणी नाही टाकलं."

"बाई, तुम्ही होता का तिथं?"

"नव्हती जी. पण इतक्या वर्षांत त्यायले माह्याशी एक खोटं बोलता नाही आलं. मंडईच्या आधी त्यायचं नाव साफ करून द्या. मंग पेटी वाजो का नोको वाजो."

"मास्तर स्वतः काय म्हणतात?"

बाईंनी पदर तोंडाशी धरला. "तेच तर सांगाले आली. ते म्हणून राहिले, का माह्याच हातानं झालं असन."

२

आरोपीच कबूल होत असेल तर पोलीस खुश होतात. मी पोलीस राहिलो नव्हतो, त्यामुळे मला ते खटकलं.

आधी गेलो खुशालरावांच्या घरी. भैय्यालालची खोली पाहिली आणि गंमत वाटली. भिंतीवर देवाचा एक फोटो नाही. जिकडेतिकडे वाद्यांच्या कंपन्यांची चित्रं, कुठल्याकुठल्या मासिकांतून कापलेली. पोरगा नागपूरला कॉलेज अर्धवट सोडून आला होता, पण या विषयात त्याचा हात धरणारा भंडारा जिल्ह्यात कुणी नसावा. मूग ही अमेरिकेची, आद्य कंपनी. मग जपानच्या यामाहा, कॉर्ग, रोलँड, कॅसिओ. कुणाचा सूर जाड, कुणाचा पातळ, कुणाचं यंत्र एका वेळी किती पट्ट्या वाजवतं, सगळं तोंडपाठ. बोलताना त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं.

"मंग कॅसिओच काहून नाही घेतली? ती स्वस्त म्हणतात," मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"कॅसिओची ती लहानी पेटी घरी शिकाले बेस आहे जी. पोट्टं काखेत मारून घेऊन जाते. रोलँडची गोष्ट वेगळी. लोखंडी अंग. एका माणसानं सहज उचलाची गोष्टच नाही."

"आता कुठं आहे?"

"नागपूरला, दुरुस्तीला. आतले बोर्ड जळले म्हणते."

"कोणत्या दुकानात?"

"आहे एक. बर्डीवर." त्यानं माझ्याकडे न बघता चित्राची निघालेली कड भिंतीला दाबली.

खुशालराव पान लावत दारात उभे होते. मंडळीतल्या सगळ्यांनी वर्गणी केली होती आणि पोरगा एकटा मुंबईला जाऊन यंत्र घेऊन आला होता, याचा त्यांना अजून अभिमान होता. जाहिरातीसुद्धा छापून झाल्या होत्या, जपानी सिंथेसायझरच्या साथीनं नाटक म्हणून.

"पोट्टा देवधर्म मानत नाही, साहेब. पण यंदा मशीन आली तं सोताच म्हणे, बाबा, नवमीच्या पूजेत मांडू. मले वाटलं, सुधरला. अन् पाहा, देवानं हे केलं!"

देवावर बरेच गुन्हे ढकललेले मी नोकरीत पाहिले आहेत. हाही त्यातलाच असेल असं त्या वेळी मात्र डोक्यात आलं नाही.

३

गावात आणखी एका माणसाचं नाव हळू आवाजात घेतलं जात होतं, तुलाराम. हा मंडळीत क्लॅरिनेट वाजवायचा. यंत्रातून क्लॅरिनेटही निघते म्हटल्यावर त्याचंही पोट जाणारच होतं. हलका धान कापणीला आला होता, तो बांधावर विळा घासत बसला होता. मी दिसताच चिडला.

"माह्यावर बी शक आहे का? मी नवमीच्या राती शहापुरात होतो जी, बहिणीच्या घरी. दसऱ्याच्या दुपारी आलो. विचारा कोणाले बी."

"विचारलंय. खरं आहे. मी दुसऱ्या कामासाठी आलो. यंत्र आलं तेव्हा तू होतास?"

"होतो ना! एसटीच्या टपावरून खोका मीच उतरवला, मी अन् भैय्यालाल. बाप रे, धानाचं पोतं बरं! खांदा सुजला माहा. जिनं माही भाकर खाल्ली तिलेच मी खांद्यावर घेऊन आलो."

"मग?"

"मंग त्यानं खोका सोताच्या खोलीत नेला. दोन रोज कोणाले पाहू नाही देल्लं. म्हणे, मशीन गरमावते, थंडावते. अष्टमीच्या संध्याकाळी मंडळीच्या खोलीत सगळ्यायले बोलावलं अन् वाजवून दाखवलं. मेजावर चादर, चादरीवर मशीन. आवाजाचा डबा मेजाच्या खाली. आमच्या खोलीत भिंतीले बिजलीचा एकच पलग आहे, त्यात त्यानं सगळ्यायच्या समोर मशीनची वायर खोसली. अन् काय वाजवलं साहेब! खोटं कायले बोलू, माह्या डोळ्यात पाणी आलं. आता आपलं संपलं, म्हटलं."

"सगळ्यांना आवडलं?"

"एका जणाले सोडून. मास्तर पेटी घेऊन साथीले बसले होते. मध्येच थांबले अन् मोठ्यानं म्हणे, हा सूर उतरून राहिला! भैय्यालाल हासला. म्हणे, मास्तर, मशीन जपानची आहे, उतरला तो तुमचा कान. सगळे हासले." तुलारामनं विळा खाली ठेवला. "मी बी हासलो."

४

जागेश्वर मास्तर घराच्या मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. पेटीवर गोधडी टाकलेली. माणूस उंच, हात लांबसडक, आणि डोळ्यांत काही उरलं नाही असा चेहरा. मला बसायला बाज दिली आणि स्वतः जमिनीवर बसले.

"मास्तर, पाणी तुम्ही ओतलं?"

"ओतलं नाही जी. पण पहाटेच्या अंमलात डोळा लागला असन. पाय लागला असन, हात लागला असन. आता माह्या अंगाचा भरोसा नाही राह्यला."

"कलश पडल्याचा आवाज ऐकला?"

"नाही. पण माह्या कानाचं काय सांगता? कानच गेला ना!" त्यांनी पेटीवरची गोधडी सारखी केली. "अष्टमीच्या रोजी मी साथीले बसलो. सुरुवातीले माह्या पेटीच्या काळी चारात बरोबर बसलं. मंग हळूहळू खाली, खाली. गाणं सरेपर्यंत माह्या कोणत्याच पट्टीत बसेना. भैय्यालालचे दोन्ही हात पट्ट्यायवर, मशीन जपानची. मंग चुकलं कोण? मीच. ज्याले सूर नाही कळत, त्याले पायाखालचा कलश काय कळन?"

तर असं होतं. भोळ्या माणसानं एका चुकीवरून दुसरी स्वतःच्या माथी मारून घेतली होती. पहिली चूक झालीच नव्हती असं त्याला एकानंही सांगितलं नव्हतं. मला त्या गावाचा संताप आला.

"सकाळचं सांगा. दार कुणी उघडलं?"

"मीच. भैय्यालालनं हाक मारली. म्हणे, मास्तर, जा, विहिरीवर तोंड धुऊन या, दिवा मी पाहतो. मी आलो तं लोकं गोळा झाले होते, अन् सगळं झालं होतं."

"तुम्ही बाहेर पडलात तेव्हा कलश उभा होता?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. "डोळ्यात झोप होती, साहेब. मी पाहिलंच नाही."

मला संगीतातलं काही कळत नाही. सा आणि रे यांतला फरकही मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण घरी नातवाचा टेप आहे. त्यातले सेल उतरले की भजन म्हणणाऱ्या बाई दारू पिऊन म्हटल्यासारख्या गाऊ लागतात, आवाज जड होत खाली खाली जातो. पडवीतून उठताना मला त्या बाई आठवल्या आणि मी पुन्हा बाजेवर बसलो.

५

आता फक्त एका माणसाला विचारायचं राहिलं होतं आणि तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. मंडळीची खोली सारवणारी धुरपता. नवमीच्या पहाटे पूजेआधी तिनंच जमीन सारवली होती, आणि दसऱ्याला फुलं घेऊन तीच सगळ्यांच्या आधी पोचली होती.

"मेजाखाली सारवलंस?" मी विचारलं.

"तं का तसंच सोडतो जी? मेज सरकवलं."

"मेजावर यंत्र होतं ना?"

"ते उचलून बाजूले ठेवलं. एका हातात पोतेरं होतं, दुसऱ्या हातानं उचललं." ती घाबरली. "पूजेच्या आधी उचललं जी, पूजेत नाही! माह्यानं तं नाही ना बिघडलं?"

"नाही बाई, तुझ्यानं काही बिघडलं नाही. जड नव्हतं?"

"सुपाइतकं असन."

धानाच्या पोत्याएवढा जड खोका, लोखंडी अंगाचं यंत्र, आणि चार दिवसांत ते सुपाएवढं झालं. मी तिला शेवटचं विचारलं.

"दसऱ्याला तू गेलीस तेव्हा आत कोण होतं?"

"भैय्यालाल दादा दारात उभे राहून लोकायले हाका मारून राहिले होते. मशीनचं पाणी टपटप पडून राह्यलं होतं. मी मनात म्हटलं, आताच सांडलं वाटते."

"आताच कशावरून?"

"रातचं सांडलं असतं तं टपकाचं थांबलं असतं. अन् खाली जमीन ताजी सारवलेली, वाळून कोरडी झालेली. तिनं पाणी कवाच पिऊन टाकलं असतं. तिथं तं पाणी वर उभं होतं."

"हे कुणाला सांगितलं का नाही?"

"मले कोण विचारते, साहेब?"

६

मी खुशालरावांच्या घरी बैठक बसवली. खुशालराव, भैय्यालाल, मास्तर, गोदावरीबाई आणि मी. बाकी कुणी नाही. दार लावून घेतलं.

"भैय्यालाल, ते यंत्र पाण्यानं बिघडलं नाही," मी म्हणालो. "ते कधी वाजलंच नव्हतं."

खुशालरावांचं पान तोंडातच राहिलं.

"खोका जड होता, यंत्र हलकं निघालं. म्हणजे वजन यंत्राचं नव्हतं. अष्टमीला लोकांनी जे ऐकलं ती कॅसेट होती. टेप मेजाखाली, चादरीआड, त्या आवाजाच्या डब्यात. पलग एकच, तो यंत्राच्या वायरनं अडवलेला, म्हणून टेप सेलवर चालवावा लागला. सेल जुने होते. गाणं संपेपर्यंत सूर उतरला आणि तो या खोलीत बसलेल्या एकाच माणसाला कळला. तू लोकांना त्याच्यावरच हसवून त्याला गप्प केलंस. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं असतं, पुन्हा वाजव, तर फसला असतास. म्हणून तुला नवमी हवी होती. देव न मानणाऱ्या पोराला पूजा सुचली ती त्यासाठी. पूजेतल्या वाद्याला कुणी हात लावत नाही. दसऱ्याला पहाटे मास्तरांना विहिरीवर पाठवलंस आणि कलश ओतलास. पाणी अजून टपकत होतं, बाबा. तेवढी घाई करायला नको होती."

भैय्यालालनं बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मशीन नागपुरात नाही," तो म्हणाला. "कोठ्यात आहे. तनसाखाली."

खुशालराव स्वतः उठले आणि गोठ्यातल्या पेंढ्याखालून ते घेऊन आले. पट्ट्या खऱ्या, बटणं खरी, वर कंपनीचं नाव खरं. कुण्या मोडीत गेलेल्या रोलँडचं वरचं कातडं पातळ फळीवर ठोकलेलं असणार. उलटं केलं तर आत पोकळ.

"मुंबईत एका गल्लीत घेतलं," भैय्यालाल म्हणाला. "तिथं वाजवून दाखवलं ते दुसरं होतं. बांधून देल्लं ते हे. घरी दार लावून खोललं तं आत विटा, पेपरात गुंडाळलेल्या." तो रडू लागला. "या गावात मलेच हे सगळं कळत होतं, बाबा. मूग काय, कॉर्ग काय, सगळे मलेच विचारत. मले कोणी ठगवलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? मले वाटलं, मशीन बिघडली म्हटलं का लोकं हळहळतीन अन् विसरतीन."

"आणि मास्तर?"

मला वाटतं, मास्तरांचा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. ठगवणाऱ्यापेक्षा मला त्याचा जास्त राग आला तो इथं.

मास्तर पुढं सरकले. "साहेब, म्हणजे त्या रोजी सूर उतरला होता?"

"उतरला होता, मास्तर. तुमचा कान बरोबर होता."

म्हातारा हसला. दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसला असेल. गोदावरीबाईंनी डोळे पुसले आणि क्षणभर मला वाटलं, चला, या प्रकरणाचा शेवट तरी गोड झाला.

खुशालरावांनी टोपी काढली आणि मास्तरांपुढे ठेवली. "मास्तर, मंडळी तुमची बी आहे. हे गावात फुटलं तं लोकं हासतीन. विटा वाजवणारी मंडळी म्हणतीन. एक गाव बी बोलावणार नाही. याचं लगन ठरून राहिलं ते मोडन. तुम्हाले मानानं परत घेतो, तुमच्या जागेवर. बस, हे या खोलीतच राहू द्या."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "मंडईत सगळ्यांसमोर खरं सांगायचं."

मास्तर भैय्यालालकडे बघत होते. या पोराची बोटं धरून त्यांनीच त्याला पहिला सा दाखवला होता.

"जाऊ द्या, साहेब," ते म्हणाले. "माहा कान साबूत आहे, हे मले कळलं. पोट्ट्याची जिंदगी कायले खराब करता?"

"कान साबूत आहे हे तुमाले कळलं," गोदावरीबाई म्हणाल्या. "गावाले कवा कळन?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ज्याचं नाव साफ करायचं तोच नको म्हणत होता. मी फौजदार असतो तर ऐकलं नसतं. आता कोणत्या हक्कानं तोंड उघडणार होतो?

७

मंडईच्या दिवशी मी दिघोरीला गेलो. ढालींची, म्हणजे सजवलेल्या देवकाठ्यांची, मिरवणूक निघाली होती, मुलं फुगे फोडत होती, जिलेबीच्या कढया चढल्या होत्या. तिसऱ्या प्रहरी रंगमंचाची पूजा झाली आणि खुशालरावांनी माईक हातात घेतला. मला वाटलं, हा माणूस काहीतरी आडून बोलेल, यंत्रातच खोट होती म्हणेल आणि विषय संपवेल. तेवढी लाज त्याला असेल असं मी धरून चाललो होतो.

"भाईयो," खुशालराव म्हणाले, "यंदा मशीनचं काय झालं ते तुमाले माहीत आहे. जागेश्वर मास्तरायच्या हातून चूक झाली. पण आपली मंडळी जुन्या माणसाले टाकत नाही. मोठ्या मनानं आम्ही त्यायले माफ केलं!"

टाळ्या कडाडल्या. तुलारामही वाजवत होता. भैय्यालाल पुढं आला आणि त्यानं मास्तरांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. लोक म्हणाले, पाहा, ज्याचं नुकसान झालं तोच हार घालून राहिला. मास्तरांनी सगळीकडे वळून हात जोडले.

गोदावरीबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"साहेब, तुमी बरोबर माणूस धरला," त्या म्हणाल्या. "पण सुटला तोच. माह्या माणसानं तं आता गुन्हा हात जोडून घेतला."

त्या गर्दीतून निघाल्या आणि धान कापलेल्या बांधीतून सरळ घराकडे चालू लागल्या. मास्तरांनी त्यांना जाताना पाहिलं असावं, कारण त्यांची मान थोडी वळली होती. मग ते आपल्या जागेवर बसले, पेटीचा भाता सोडला आणि नांदी सुरू केली. मला कळत नाही, पण चांगली वाजवत असावेत. माझ्या पुढं बसलेला एक शेतकरी मांडीवर थाप मारून बाजूच्याला म्हणाला,

"माफ केलं तं म्हातारा कसा वाजवून राहिला, पाहा!"